नलवड्यांचं घराणं सांगताना

सुपारी अडकित्त्यात धरलेली होती आणि मी माझ्या मेलेल्या भावाला शर्यत जिंकून देत होतो.

"पुलाखाली पाणी असं गरागरा फिरतंय," मी सांगत होतो, "मागची होडी अगदी खेटून आलेली. तेवढ्यात आमच्या तात्याच्या छातीत कळ आली. दुसरा कुणी असता तर वल्हं टाकून आडवा झाला असता. तात्यानं दात आवळले. प्राण गेला, पण हात थांबले नाहीत! होडी काठाला लागली, हलगी कडाडली, लोकांनी गुलाल उधळला, आणि बघतात तर काय, माणूस कधीचाच गेलेला. डॉक्टर म्हणाला, हे अंग तर मघाशी पुलापाशीच गार झालंय. म्हणजे पुलापासून काठापर्यंत आमची होडी एका मेलेल्या माणसानं ओढली, पाव्हणं. आणि पहिली आणली!"

बैठकीत कुणी बोलेना. हे मौन माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. ह्या जागेला ते पडतंच. मुलीचे वडील, तासगावकडचे थोरात गुरुजी, त्यांनी तर चष्मा काढून डोळ्यांना रुमाल लावला. मी मनात म्हटलं, फुटली सुपारी.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांमागची. आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. पावसाळ्यात नदी भरली की होड्यांच्या शर्यती लागतात, आणि आमच्या होडीचं पुढचं वल्हं नलवड्यांच्या हातात असतं. माझ्या हातात ते कधी दिलं नाही. मला लहानपणापासून तोंडाचं काम.

आमच्याकडे मुलीकडची मंडळी घर बघायला आली की पोहे होतात, चहा होतो, गोठा दाखवतात, आणि सुपारी फोडायच्या आधी मुलाकडचा कुणीतरी वडीलधारा 'घराणं सांगतो'. गावात हे काम माझ्याकडे होतं. नुसतं आमच्या घरचं नव्हे, सगळ्या गावाचं. ज्याच्या घराण्यात सांगण्याजोगं काही नाही, त्याला तर मी हमखास लागायचो. एका घरच्या पणजोबाला मी असा झोकात पेशव्यांच्या फौजेत घोड्यावर बसवला की लग्न पार पडल्यावर त्या लोकांनी त्या पणजोबाची तसबीर रंगवून घेतली. अजून दसऱ्याला हार घालतात.

आमच्या स्वतःच्या घराण्याला मात्र मला फार रंग लावावा लागत नसे. मुद्दलच भक्कम होतं. नलवड्यांचे पुरुष उसाच्या कांडीसारखे सडपातळ, कधी ताप नाही, कधी खोकला नाही, आणि जायचे ते असे उभ्याउभ्या, चालत्या कामात. आजा कुस्तीचा फड बघताना गेला. बाप पुरातनं म्हशीला खांद्यावर घेऊन येताना गेला. भाऊ तात्या शर्यतीत. त्या दिवशी तात्याच्याच मुलाची, धनाजीची, बैठक होती, म्हणून मी शेवटी एक नवी मेख मारली.

"आणि गुरुजी, ह्यातली खुबी ध्यानात घ्या. आमच्यात पुरुष माणूस अंथरुणाला खिळत नाही. सासऱ्याचं पथ्यपाणी, रात्रीचं उठणं, पाय चेपणं, हे नलवड्यांच्या सुनेला ठाऊकच नाही. तुमची लेक सुखात राहील!"

गुरुजींनी मान डोलावली. अडकित्ता दाबणार, एवढ्यात त्यांच्या शेजारून आवाज आला.

"दादा, जरा थांब."

गुरुजींच्या धाकट्या बहिणीचा आवाज. प्रमिलाताई. मिरजेच्या एका दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टर होत्या. बारीक कापलेले केस, मनगटावर पुरुषी घड्याळ. बैठकीला बायका सहसा येत नाहीत, पण ह्या स्वतः तर आल्याच होत्या, वर भाचीलाही घेऊन आल्या होत्या. "जिला राहायचंय तिलाच बघू दे की घर," असं दारातच म्हणाल्या. भाची वृंदा गणिताची मास्तरीण. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, पण माझी गोष्ट ऐकताना तिच्या गालाला दोनदा खळी पडलेली मी पाहिली होती, आणि ती हसायच्या ठिकाणी पडली नव्हती.

"नाना," प्रमिलाताई म्हणाल्या, "गोष्ट छान सांगता. तात्यांचं वय काय होतं तेव्हा?"

"असेल की. साठ-पासष्ट."

"पासष्टाव्या वर्षी पुढचं वल्हं?"

"आमच्या घराण्यात ताई, माणूस साठीला वयात येतो."

"धनाजीराव, तुम्ही कितवीत होता वडील गेले तेव्हा?"

कोपऱ्यात नवा सदरा घालून बसलेला धनाजी चपापला. "तिसरीत, जी."

वृंदा पहिल्यांदा बोलली. "मग आत्या, पन्नाशी उलटल्यावरच हे झाले असणार. उशिराचं लेकरू."

माझ्याकडचे चार जण हसले. माझी माणसं! मी म्हटलं, "साठ म्हणजे अगदी साठ नव्हे. पन्नाशी धरा."

"पन्नास?"

"पंचेचाळीस."

"नाना, मी मंडईत वांगी घेत नाहीये."

"बरं, तब्येतीनं पंचेचाळीस. कागदावर थोडं कमी असेल."

"आणि तुमचे वडील? पुरात म्हशीला खांद्यावर घेऊन आले ते?"

"खांद्यावर म्हणजे, शिंगाला धरून. त्यांचं वय..."

"बेचाळीस."

हे मी बोललो नाही. स्वयंपाकघराच्या दारात हौसावहिनी उभी होती. तात्याची बायको, धनाजीची आई. हातात चहाची किटली. ही बाई माझ्या भावामागं ह्या घरात वीस-बावीस वर्षं राबली, पण बैठकीत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तात्याची शर्यत तर तिनं दाराआडून किती वेळा ऐकली असेल, देव जाणे. कधी हूं की चूं केलं नाही.

"मामंजी बेचाळीसचं हुतं," ती म्हणाली. "ह्ये अडतीसचं. आन् ह्ये शर्यतीत न्हाई गेलं."

"वहिनी," मी म्हटलं, "चहा उतू जाईल आत."

"जाऊ द्या भावजी. किटली माझ्या हातात हाय."

आमच्या भावकीतला एक जण खाकरला. बाईमाणसानं बैठकीत बोलणं बरं नव्हे, असं ते खाकरणं होतं. प्रमिलाताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा घसा आपोआप साफ झाला.

"सांगा वहिनी," त्या म्हणाल्या. "कसे गेले?"

"नदीला पाणीबी आलं न्हवतं अजून. आठवडाभर म्हणत हुतं, दाढंत कळ येतीया. मी लवंग दिली. घाट चढून आलं की दुखायचं, बसलं की थांबायचं. मी म्हटलं, ही कसली दाढ, बसल्यावर थांबती? त्या दिशी सकाळी म्हणालं, पित्त झालंया. मी लिंबू पिळून सोडा दिला. सोडा घिऊन गोठ्यात गेलं. मी भाकरी उलटली न् पेला आणाय गेले, तर दावणीला टेकून बसलेलं. पेला हातात तसाच. सांडलाबी न्हवता. म्हस खांदा चाटत हुती त्यांचा."



धनाजी उभा राहिला. एकतीस वर्षांचा गडी, पण त्याचं तोंड तिसरीतल्या पोरासारखं झालं. "आई, नाना तर म्हणायचं..."

"तू इवलासा हुतास. रडंनास, बोलंनास, अन्नाला शिवंनास. समद्यांनी समजावून झालं. मग भावजींनी तुला मांडीवर घितलं न् शर्यतीची गोष्ट सांगितली. ती ऐकत ऐकत तू भाकरी खाल्लीस. मी कशाला मोडू?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

प्रमिलाताई मात्र धनाजीकडेच बघत होत्या. "धनाजीराव, पोहे तुम्ही एकाच बाजूनं खात होता. डावी दाढ कुठं गेली?"

"काढली की. परवा."

"किडली होती?"

"दातांचं डॉक्टर म्हणालं, दाढ झकास हाय, पण तुमी एवढं म्हणताय तर काढतो."

"आणि आता दुखायची थांबली?"

धनाजीनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं.

"म्हणजे," प्रमिलाताई म्हणाल्या, "दाढ गेली, दुखणं तिथंच. वल्हं मारताना दुखतं. हात थांबवले की थांबतं."

"सरावाला जरा जोर लावला की... पण थोडंच, जी."

वहिनीनं किटली जमिनीवर ठेवली. ठेवली म्हणजे सोडलीच.

आता मला बोलणं भाग होतं. मी बाह्या सरसावल्या. "ताई, तुम्ही डॉक्टर खऱ्या, पण पोराला उगाच आजारी पाडू नका. साखर कारखान्यात लागला तेव्हा ह्याची सगळी तपासणी झालीय. कोलेस्टेरॉल की काय म्हणतात ते टकाटक. तंबाखू नाही, दारू नाही. अंगावर चिमूटभर चरबी दाखवा, मी मिशी उतरवतो!"

"मिशी असू द्या. त्याचं कोलेस्टेरॉल चांगलं असणारच. तात्यांचंही असतं." त्यांनी ताटलीतला पोह्याचा एक दाणा बोटानं पुढं सरकवला. "असं समजा, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या होड्या असतात. साधी तपासणी होड्यांतला माल मोजते. पण काही घराण्यांतल्या होड्यांना एक जास्तीची शेपटी असते. चिकट शेपटी. काठाला घासली की तिथंच चिकटून बसते, मग तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. माल कमी असला तरी नदी बुजत जाते. ह्या शेपटीवाल्या होड्यांना लायपोप्रोटीन-ए म्हणतात. ते जन्मतःच ठरून येतं, बापाकडून किंवा आईकडून. कसरत करा नाहीतर उपास करा, ते जवळजवळ हलत नाही. आणि शेपटी कुणी मोजतच नाही, कारण कुणी मोजायला सांगतच नाही."

"आमच्या नदीत असली होडी नाही," मी म्हटलं.

"आजोबा कुस्ती बघताना, वडील बेचाळीसाव्या वर्षी, भाऊ अडतिसाव्या. तुम्ही मला मघापासून शेपटीच तर दाखवताय, नाना. फक्त वर गुलाल टाकून." मग गुरुजींकडे वळून म्हणाल्या, "दादा, सुपारी ठेव ती. आज फुटायची नाही."

आता गावाकडं ह्याचा अर्थ एकच होतो. भावकीतल्या मंडळींनी टोप्या सारख्या केल्या. कुणीतरी पुटपुटलं, "पसंत नसंल तर सरळ सांगावं. रक्ताबिक्ताचं कशाला?" गुरुजी बिचारे अडकित्ता उघडाच धरून बसले, मिटावा की ठेवावा ते कळेना.

धनाजी तापला होता. "ताई, येत्या रविवारी शर्यत हाय. शर्यत झाली की तुमी म्हणाल तिथं येतो. तवर पुढचं वल्हं मी सोडत न्हाई. माझ्या बापानं..." आणि तिथंच अडला, कारण बापानं काय केलं होतं ते आता त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"जरूर जा शर्यतीला," प्रमिलाताई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "झाल्यावर तुमच्या काकांकडे सांगायला आणखी एक छान गोष्ट होईल."

गुरुजींनी अडकित्ता खाली ठेवला.

मंडळी उठली. वृंदा चपला घालताना वहिनीच्या पाया पडली, मग माझ्याकडे आली. "नाना, पेशव्यांच्या फौजेतले पणजोबा तुमचेच ना? आमच्या मावशीच्या सासरी त्यांची तसबीर आहे. घोड्याला पाच पाय काढलेत."

"एक वेगाचा आहे," मी म्हटलं.

ह्या वेळी तिची खळी योग्य जागी पडली.

तिन्हीसांजेला धनाजी नदीवर गेला. होडी काठाला उपडी घालून तिला तेल लावत होता. मीही मागोमाग गेलो. घरात वहिनी बोलत नव्हती आणि तिचं न बोलणं ऐकवत नव्हतं. बराच वेळ तो फडकं घासत राहिला.

"नाना, दावणीचं खरं?"

"खरं."

"म्हस चाटत हुती?"

"व्हय. ओढून बाजूला करावी लागली तिला. दावं तोडाय बघत होती."

"मग हे मला का न्हाई सांगितलं?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे रे? एक माणूस गोठ्यात बसला आणि उठला नाही."

धनाजी घासायचा थांबला. "म्हस हाय की, नाना."

मग त्यानं फडकं पिळलं, होडीवर वाळत घातलं, आणि पलीकडच्या काठाकडं बघत म्हणाला, "सकाळच्या गाडीनं मिरजेला जाऊ. पर तुमीबी रक्त द्यायचं. घराणं तुमचंबी हाय."

मिरजेच्या त्या दवाखान्यातली सुई म्हणजे, खोटं सांगत नाही, आमच्या गावात बैलाला टोचतात ती परवडली. नर्सनं माझं इतकं रक्त काढलं की बाटली बदलावी लागली. धनाजी म्हणतो, छोटी नळी होती आणि मी ती बघायच्या आधीच बाकावर आडवा झालो होतो. त्याच्या बोलण्यावर फार विश्वास ठेवू नये, त्याचं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. कारण वृंदा आली होती. शाळेला दांडी मारून, आत्याला डबा द्यायचं निमित्त काढून. आत्या दुपारी घरी जेवायची हे नंतर कळलं.

प्रमिलाताईंनी त्याच्या अंगाला वायरी लावून त्याला फिरत्या पट्ट्यावर चालायला लावलं. मी म्हटलं, "ह्यानं काय होणार? हा गडी नांगरामागं दिवसभर चालतो." पट्टा जरा चढाला लागला. धनाजी चालत होता. आणखी चढाला लागला. धनाजीनं हात जबड्याला लावला. ताईंनी यंत्रातून येणाऱ्या कागदावर नजर टाकली आणि पट्टा असा झटक्यात थांबवला की तो पुढच्या दांड्यावर आदळला.

"बसा," त्या म्हणाल्या. एवढंच. पण माझ्या गावात ज्या आवाजात लोक 'पूर आला' म्हणतात, तो आवाज होता.

पुढचं मी लांबवत नाही, कारण मला त्यातलं नीटसं दिसलंच नाही. मी बाहेरच्या बाकावर वहिनीचा हात धरून बसलो होतो, की तिनं माझा धरला होता. मनगटातून बारीक नळी घालून त्यांनी त्याच्या काळजाची चित्रं काढली. पुढची मोठी रक्तवाहिनी एका जागी सुतळीएवढी उरली होती. तिथं फुगा फुगवून त्यांनी एक जाळीची स्प्रिंग बसवली. ताई बाहेर आल्या तेव्हा वहिनी उठून उभी राहिली. म्हणाली, "ताई, मी लवंग दिली हुती. मला जर..."

"वहिनी, दातांच्या डॉक्टरनं दाढ काढली," ताई म्हणाल्या. "तुम्ही निदान लवंगच दिली."

वहिनी रडता रडता हसली. तिला हसताना बघून मला रडू आलं, ते मी खोकल्यावर घातलं.

रक्त लांबच्या मोठ्या लॅबला गेलं होतं. त्याचं उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा ताईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. धनाजीचं ते लायपोप्रोटीन असायला हवं त्याच्या कितीतरी पट निघालं. "हे स्वतः खाली येईल असं औषध माझ्याकडे आज नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून बाकी सगळं कडक. साधं कोलेस्टेरॉल औषधानं अगदी तळाला ठेवायचं, म्हणजे शेपटीला सोबती मिळणार नाहीत. रक्तदाब बघायचा. गोळी एक दिवस चुकवायची नाही. आणि तुम्हाला मुलं झाली की त्यांचंही रक्त तपासायचं."

"आन् माझं?" मी विचारलं. छाती पुढं काढूनच विचारलं. चोपन्न वर्षांचा होतो, नलवड्यांच्या पुरुषांत एवढं कुणी टिकलं नव्हतं. म्हटलं, माझ्यात तर ही शेपटी मगरीएवढी असणार, आणि मी तिला नुसत्या हिमतीवर दाबून ठेवलीय.

"तुमचं अगदी साधं आहे, नाना. काहीच नाही."

"काहीच नाही?"

"वडिलांची ही गोष्ट सगळ्या मुलांना येतेच असं नाही. तुमच्या वाटणीला आली नाही."

आनंद व्हायला पाहिजे होता. पण सबंध घराण्याचा वारसा सांगत हिंडणाऱ्या माणसाला घराण्यातलं काहीच मिळालेलं नाही, हे ऐकून मला जरा लागलंच. गावी गेल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, जीभ तर सासूबाईंची हाय, नाक मामाचं. रक्तबी न्हाई म्हणत्यात. नलवड्यांचं म्हणून तुमच्यात काय हाय मग?"

"आडनाव," मी म्हटलं.

त्याआधीच, शर्यतीच्या रविवारी, आमची होडी धनाजीवाचून पाण्यात उतरली आणि तिसरी आली. मी लोकांना दुसरी सांगतो.

इकडे गुरुजींचा पाय मागं पडला होता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बापाला रात्री झोप लागली पाहिजे. त्यांनी निरोप धाडला की पत्रिकेत काहीतरी अडचण निघालीय. तासगावात त्यांच्या घरी मग काय झालं ते मला प्रमिलाताईंनी सांगितलं, म्हणजे ते खरं असणार. गुरुजी म्हणाले, "पोरी, जाणूनबुजून कशाला विहिरीत उडी घालायची? माझ्याकडे आणखी तीन स्थळं आहेत."

वृंदा वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या तिघांचं रक्त कुणी तपासलंय, बाबा?"

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

"ह्याची विहीर किती खोल आहे ते मला माहिती आहे. काठ कुठं निसरडा आहे तेही. त्या तिघांच्या घरी नुसतं 'आमच्यात सगळे ठणठणीत' एवढंच सांगतील. असं सांगणाऱ्या एका काकांना मी ऐकून आलेय."

दुसरी बैठक दिवाळीनंतर झाली. तीच खोली, तीच माणसं. मी घसा साफ करून पुढं सरकलो, तर वृंदा म्हणाली, "नाना, राग मानू नका. आज घराणं काकूंनी सांगावं."

भावकी खाकरायच्या बेतात होती, पण प्रमिलाताई समोरच बसल्या होत्या.

हौसावहिनी येऊन बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला. तिनं घराणं सांगितलं ते असं:

"आजसासरं फडात गेलं, म्हणत्यात. वय कुणाला ठावं न्हाई, पर केस काळं हुतं. सासरं बेचाळीसचं. पुरातनं म्हस खरीच काढली त्यांनी, पर गेलं ते दुसऱ्या दिशी, अंगणात, चूळ भरताना. ह्ये अडतीसचं, गोठ्यात. तिघंबी मायाळू. तिघांनीबी दुखतंय म्हणून नीट सांगितलं न्हाई. ह्यो चौथा. ह्यो सांगतो. आता तुमी बगा."

एवढंच. मला आजवर असं घराणं सांगता आलेलं नाही. गुरुजींनी अडकित्ता दाबला.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी शहात्तरीचा आहे, म्हणजे तुमच्यासाठी नव्वद. लोक अजून गोष्टी ऐकायला येतात आणि मी सांगतो. पण माझी खरी अडचण धनाजी आहे. त्याची गोष्टच होत नाही. सकाळी उठतो, गोळी घेतो, नदीच्या काठानं चालतो, कामावर जातो, येतो, बायकोची बोलणी खातो, झोपतो. मधे एकदा आणखी एक स्प्रिंग बसवावी लागली, पण त्याची वर्दी त्यानं स्वतःच इतक्या वेळेवर दिली की त्यात सांगण्यासारखं काही उरलंच नाही. त्याच्या मुलीनं रक्त तपासून घेतलंय. तिच्यातही ती शेपटी आहे. ती ते असं सांगते, जसं दुसरी पोरगी चष्म्याचा नंबर सांगेल. अशा माणसांत मी काय रंग भरू? धनाजीच्या डोक्याला टक्कल पडलंय, पोट सुटलंय. वृंदा त्याला तासन्‌तास ओरडत असते.

परवा मी ओट्यावर बसलो होतो. धनाजी कारखान्यातून आला, पायरी चढताना थांबला, वाकला आणि गुडघा धरून कण्हला.

"काय रं?" मी विचारलं. माझं मलाच कळलं नाही, पण मी उठून उभा राहिलो होतो.

"काय न्हाई हो नाना. गुडघं. डॉक्टर म्हणालं, झिजल्यात. आता वय झालं, म्हणालं."

आत वहिनी होती. तिला आता कमी ऐकू येतं, पण हे ऐकलं. ती भिंत धरत धरत दारात आली. पोराकडं वरून खालपर्यंत नीट बघितलं. टक्कल बघितलं, पोट बघितलं, गुडघा धरलेला हात बघितला.

"खरंच झिजल्यात?" तिनं विचारलं.

"खरंच, आई. दोन्हीबी."

मग आमची हौसावहिनी, जिनं नवऱ्याच्या मरणाबद्दल वीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं, ती अंगणात उतरली, कुंपणापाशी गेली, आणि पलीकडच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला म्हणाली,

"अगं, ऐकलंस का? आमच्या धनाजीचं गुडघं दुखाय लागलं! म्हातारा झाला बघ माझा ल्योक!"